झालेल्या नोंदी तशाच राहतील

१

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास म्हणजे दळणच. नवी बॅच आली की तेच धडे, तीच उदाहरणं, आणि ठरलेल्या जागी येणाऱ्या ठरलेल्या जांभया. दाताच्या दवाखान्यावरची एक लांबट खोली होती, भिंतीला टेकून मांडलेले कॉम्प्युटर होते, आणि छताला एक पंखा होता, जो दर फेरीला 'हं' असा आवाज काढायचा. शिकवणाऱ्या बाईला सगळे मॅडम म्हणायचे. ती म्हणायची, "या वर्गात मी सांगितलेलं त्या पंख्यालाच तेवढं कळतं."

त्या दिवशीचा धडा होता दर महिन्याला ठरलेल्या व्यवहारांचा.

"भाडं, पगार, विजेचं बिल. जे दर महिन्याला येणार किंवा जाणार हे ठरलेलंच आहे, ते दर वेळी हातानं काय लिहायचं? एकदाच सांगून ठेवायचं. कोण, किती, कधीपासून, कधीपर्यंत. मग तारीख उलटल्यावर फाइल उघडायचा अवकाश, नोंद आपोआप पडलेली दिसेल."

पहिल्या कॉम्प्युटरवर गॅरेजवाले बसायचे. हिशेबनीस पळून गेल्यावर पन्नाशीत स्वतःच शिकायला आलेला माणूस, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. ते म्हणाले, "मॅडम, पुस्तकातलं उदाहरण नको. अमुक कंपनी, तमुक कंपनी, इकडून शिरतं नि तिकडून निघतं. तुमच्या घरचं काहीतरी सांगा ना."

ती सहज बोलून गेली, "बरं. समजा, माझ्या घरावर एक खोली आहे."

"आहे का?"

"समजा म्हटलं ना!"

वर्ग हसला. ती फळ्याकडे वळली, कारण खोली खरोखरच होती आणि तिच्याबद्दल ती वर्गात कधी चकार शब्द बोलली नव्हती.

"समजा, ती मी भाड्यानं दिली. घाला नोंद."

"भाडेकरूचं नाव काय घालू?"

"नावाचं काय अडलंय? भाडेकरू असंच घाला."

"आणि कधीपर्यंत राहणार हा?"

"शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा सोडला, तर आपण थांबवेपर्यंत चालू राहतं."

सगळ्यांनी तो रकाना रिकामा सोडला. तिनंही, समोरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. एकामागून एक एंटरची बटणं वाजली, पंखा 'हं' म्हणाला, आणि तास संपला.

२

वरची खोली तिच्या मुलाची होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. धाकटी लेक लग्न होऊन परगावी होती. घरात उरली होती ती आणि तिचा नवरा, जो छापखान्यात मुद्रितशोधक होता आणि आता निवृत्त झाला होता. त्याचे गुडघे गेले होते. जिना चढणं त्यानं सोडून दिलं होतं, त्यामुळे खोली तिच्या एकटीच्या ताब्यात होती.

नवरा अधूनमधून म्हणायचा, "अगं, देऊन टाक भाड्यानं. बंद खोलीला वाळवी लागते."

"लागू दे."

"वर कुणाची तरी चाहूल असेल गं. मला बरं वाटेल."

रविवारी दुपारी ती वर जायची, झाडून काढायची, आणि झालं की कपाटाचं दार उघडून मुलाच्या शर्टांमध्ये तोंड खुपसायची. केसांचं तेल, घाम आणि साबण यांचा एक मिळून वास होता. तो तिनं दोन वर्षं जपून, थोडा थोडा पुरवून वापरला होता.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वर्ग नव्या फाइलवर, नव्या धड्यावर गेला होता. सगळे निघून गेल्यावर तिनं एकटीनं ती जुनी फाइल उघडली. नोंद पडली होती. भाडेकरू, भाडं, तारीख. तिला गंमत वाटली. खोली दिलीही आणि दिलीही नाही, नवऱ्याचंही राहिलं आणि आपलंही.

संध्याकाळी घरी आली तर नवरा खुशीत.

"सांगायचं तरी!"

"काय?"

"भाडेकरू ठेवलास ते. दुपारी मी पडलो होतो, तर वर पावलं वाजली. मग नळ सुटला, बादली भरली. मी जिन्यातून हाक मारली, कोण आहे? तर म्हणाला, मी. आवाज शांत आहे. माणूस बरा दिसतो."

शेजारच्यांचा नळ भिंतीतून ऐकू येतो हे काय नवं होतं? पर्समधून किल्ली काढून ती वर गेली. कुलूप लागलेलंच होतं. आत पलंग, त्यावरची घडी घातलेली चादर, खिडकीतली सुकलेली कुंडी, सगळं जिथल्या तिथं. बाथरूममधली बादली मात्र काठोकाठ भरलेली होती. पाणी अजून हलकेच डुचमळत होतं.

नळ गळत असेल, ती स्वतःशी म्हणाली. दोन वर्षं वापरात नाही, गळणारच.

जाता जाता सवयीनं तिनं कपाट उघडलं आणि शर्टांत तोंड खुपसलं. नव्या, दुकानातून आणलेल्या कापडाला असतो तसा कोरा वास आला. तिनं दुसरा शर्ट हुंगला, तिसरा हुंगला, तळाशी पडलेला मफलर हुंगला. काही नव्हतं.

वास कधी ना कधी उडतोच. त्यात आश्चर्य कसलं? तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसून बराच वेळ रडली.

३

आठवड्याभरानं इस्त्रीवाला कपडे घेऊन आला. गठ्ठ्यावर सगळ्यात वर एक आकाशी शर्ट होता.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं, जरी तिला पाहताक्षणी कळलं होतं.

"वरच्यांचा. जिन्यात उभे होते, माझ्या हातात दिला. म्हणाले, खाली द्या, घरच्या कपड्यांत."

"वर कुणी राहत नाही."

इस्त्रीवाला हसला. "काकू, पैसे मागितले नाहीत मी अजून. आत्ताच कशाला नाही म्हणता?"

"दिसायला कसा आहे तो?"

"कसा म्हणजे..." तो बोलायला लागला आणि थांबला. हातातली पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. "उंच आहेत. नाही, उंच असं नाही. अहो, आत्ता परवाच पाहिलंय. आठवलं की सांगतो."

तो शर्ट घेऊन ती खुर्चीत बसून राहिली. याच शर्टाची कॉलर तिनं उलटवून शिवून दिली होती. टाके तिच्या हातचे होते. खोलीला कुलूप होतं, किल्ली तिच्याकडे होती आणि शर्ट इस्त्री करून खाली आला होता. आणि त्या क्षणी भीतीच्या खालून, तळातून, दुसरंच काहीतरी वर आलं.

तो असेल तर?

हिशेब शिकवणारी बाई. दोन आणि दोनला आयुष्यात कधी पाच म्हटलं नाही. पण आईच्या मनाला कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी तिनं क्लासला जाताना कपभर चहा करून, वर बशी झाकून, जिन्याच्या वळणावर ठेवला. दुपारी परत आली तेव्हा कप तिथंच होता. विसळून, पुसून, बशीवर पालथा घातलेला.

ती कपाकडे बघत राहिली. तिच्या मुलानं जन्मात कधी कप विसळला नव्हता. त्याच्या खोलीतून आठवड्याचे कप गोळा करताना ती म्हणायची, "तुझ्या बायकोला मी आधीच हात जोडून ठेवणार आहे."

सुधारला असेल, ती पुटपुटली. आणि स्वतःच्या बोलण्यावर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

त्या जुन्या फाइलमधली भाड्याची नोंद थांबवायची नाही, असं तिनं ठरवलं. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही. पुढची पहिली तारीख आली तेव्हा तिनं ती फाइल पुन्हा उघडली आणि नवी नोंद पडलेली पाहून देवाचे मानावेत तसे मनातल्या मनात आभार मानले.

४

त्या संध्याकाळी नवरा जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर शब्दकोडं.

"चार अक्षरी, 'परत न येणारा'," तो वर तोंड करून म्हणाला. मग थोडं थांबून, कुणाचं तरी ऐकल्यासारखं करून, त्यानं रकाने भरले. "वा! बसलं की."

तिला वरून काहीच ऐकू आलं नव्हतं.

"खरं सांगू?" तो तिच्याकडे वळला. चेहऱ्यावरची इतक्या महिन्यांची ओढलेली कातडी सैल पडली होती, गालांना रंग होता. "तू उगाच अडवून धरलं होतंस. इतकी वर्षं नुसती रिकामी पडली होती ती खोली."

"रिकामी कुठे? आपल्या..."

"आपल्या काय?"

तो खरंच विचारत होता. मुद्रितात एखादा शब्द सुटलाय असं वाटलं की तो जसा चष्म्यावरून बघायचा, तसा बघत होता.

तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला. लेकीच्या लग्नातला, चौघांचा. "हे बघा. हे तुम्ही, ही मी, ही आपली लेक. आणि हा?"

त्यानं फोटो जवळ घेतला, लांब धरला. "हा वरचा."

"काय?"

"आपला भाडेकरू गं. हाच तो. पण हा आपल्या फोटोत कसा आला?"

"तुम्ही कुठे पाहिलात त्याला? तुम्हाला तर जिना चढवत नाही."

"येता-जाता दिसतो की," तो म्हणाला आणि कोड्याकडे वळला.

तिनं त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. नवरा न अडखळता सांगत गेला. शिवाय छापखान्यात कुठल्या पुस्तकात कुठली वेलांटी चुकली होती तेही त्यानं ऐकवलं.

"मुलं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच. मुलगी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. ती तोंड उघडणार होती, तेवढ्यात तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. शांत, दुखणं उतरलेल्या माणसाचा. मुलगा गेल्यापासून या माणसानं एक अश्रू गाळला नव्हता, फक्त रोज थोडा थोडा वाळत गेला होता. आता तो रात्री झोपत होता, जेवताना आणखी वाढ म्हणत होता. आणि हे तिला बघवत नव्हतं. त्याच्या सुखाचा तिला इतका राग आला की घरी परतताना रिक्षात ती तोंड फिरवून बसली.

म्हातारपण आहे, ती स्वतःला समजावत होती. दुःखानं माणसाचं डोकं असंच फिरतं. पण फोटोतल्या मुलाला त्यानं भाडेकरू म्हणून ओळखलं होतं. म्हणजे वरचा त्याच्यासारखाच दिसत होता. या एका गोष्टीला ती बुडत्यानं काडीला धरावं तशी धरून बसली.

५

शेवटी रविवारी दुपारी ती वर गेली. लख्ख ऊन होतं, गल्लीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर तो बुटाच्या नाड्या बांधायला बसायचा. डावखुरा, त्यामुळे गाठ उलटी. ती त्याच पायरीवर बसली.

आत कुणीतरी दाढी करत होतं. ब्रश वाटीवर आपटल्याचा आवाज, मग वस्तरा गालावरून ओढल्याची खरखर. आणि शीळ.

तिचे डोळे भरून आले. तीच शीळ. दाढी करताना तो हीच धून वाजवायचा आणि एका ठिकाणी सूर वर चढवताना हनुवटी उचलायचा. लहानपणी सायकलवरून पडून झालेली तिथली खूण तेव्हा दिसायची.

शीळ त्या वळणापाशी आली आणि सूर पडला. क्षणभर शांतता. मग धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, त्याच वळणापाशी पुन्हा पडली. पुन्हा पहिल्यापासून. पाढे घोकणारं मूल जसं अडलेल्या जागी येऊन थांबतं आणि मागे जाऊन धाव घेतं, तसं आतलं माणूस ती धून घोकत होतं.

तरी तिनं हाक मारली.

"बाळा?"

शीळ थांबली. वस्तरा थांबला. मग दाराच्या अगदी पलीकडून, जणू लाकडाला ओठ लावून, आवाज आला.

"आई."

आवाज त्याचा होता. तिनं दारावर हात ठेवला.

"आई," पुन्हा आला. या वेळी 'ई' जरा लांब. मग आखूड, तुटक. मग हसून म्हटल्यासारखा. मग तापातल्यासारखा, कोरड्या घशाचा. "आई. आई. आई." दर वेळी वेगळा, दर वेळी थोडा थांबून, तिच्याकडून काही प्रतिसाद येतो का ते बघून. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला माणूस जशी एक एक किल्ली लावून बघतो, तसा.

ती कशी खाली आली ते तिला कळलं नाही. नवरा म्हणाला, "काय म्हणतो गं?"

"अजून येत नाही त्याला," ती म्हणाली.

तो कुठून शिकत होता? हा प्रश्न ती स्वतःला रात्रभर विचारत राहिली. उत्तर सुचायला लागलं की उठून पाणी पीत होती.

६

दुसऱ्याच दिवशी पहिली तारीख होती. सगळ्यांच्या आधी जाऊन ती नोंद बंद करायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं क्लासचं शटर वर केलं, दिवे लावले, कॉम्प्युटर चालू केला.

फाइल उघडल्याशिवाय नोंद थांबवता येत नव्हती. आणि फाइल उघडली की तारखेची नोंद पडणार होती. हे तिनं इतक्या बॅचना शिकवलं होतं, आणि माउसवर बोट ठेवून आता ते तिला आठवलं. पण नाही उघडली तर पुढे काय? एकदाच सोसायचं आणि तोडून टाकायचं. तिनं उघडली. नोंद पडली. तिनं घाईनं ती ठरवलेली व्यवस्था निवडली आणि 'काढून टाका' दाबलं.

पडद्यावर ओळ आली: पुढील नोंदी थांबवल्या आहेत. झालेल्या नोंदी तशाच राहतील.

तिनं झालेल्या नोंदी एक एक करून खोडल्या. मग सबंध फाइलच उडवली. मग बाहेर गच्चीवजा पॅसेजमध्ये येऊन लेकीला फोन लावला.

"काय गं आई, इतक्या सकाळी?"

"काही नाही. तुला दादाची आठवण येते का गं?"

"कुठल्या दादाची?"

"आपल्या. तुझ्या दादाची."

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली. "आई, बरी आहेस ना तू? मी एकटीच तर आहे तुम्हाला."

"तुला सायकल कुणी शिकवली?"

"सायकल? माझी मीच शिकले की." लेकीचा आवाज काळजीनं हळू झाला. "बाबांना दे बरं जरा फोन."

तिनं फोन ठेवला. पहिल्या नोंदीला शर्टांचा वास गेला होता, दुसरीला नवऱ्याची आठवण, आता लेकीची. आपण हातातला मधला एक महिना घालवला हे तिला लखलखीत दिसलं. थांबवता येत होतं, पण आशेपायी थांबवलं नव्हतं.

पॅसेजच्या काचेतून वर्ग दिसत होता. ती फोनवर असताना मुलं-माणसं येऊन बसली होती. गॅरेजवाल्यांनी तिला बघून हात केला आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. परीक्षा जवळ आली होती. गेल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना बजावलं होतं, सोमवारी आलात की सुरुवातीची जुनी फाइल उघडा, उजळणी करायची आहे. प्रत्येकाची फाइल वेगळी होती. प्रत्येकाच्या फाइलमध्ये तोच भाडेकरू होता, आणि एकानंही इतक्या महिन्यांत ती उघडली नव्हती.

"थांबा!" ती ओरडली. काच बंद होती. ती दाराकडे धावली.

"मॅडम, आल्या बघा नोंदी आपोआप!" गॅरेजवाले लहान मुलासारखे खूश झाले. "मागच्या महिन्यांच्यासुद्धा!"

"बंद करा. सगळे बंद करा. कुणी उघडू नका."

पण पलीकडच्या मुलीनं उघडली होती. तिच्या पलीकडच्यानं उघडली होती.

ती भिंतीला टेकली आणि जे होतं ते घट्ट धरायला लागली. तो डावखुरा होता. पायरीवर बसून नाड्या बांधायचा. कुठल्या पायरीवर? हनुवटीवर खूण होती, सायकलवरून पडून झालेली. कोण पडलं होतं सायकलवरून? एक धून होती, शिळेवर वाजवायची, ती अशी... ती ओठांचा चंबू करून उभी राहिली आणि फुंकेशिवाय काही निघालं नाही. तापात त्यानं तिचा हात धरला होता. हात गरम होता, एवढं होतं. मग कुणाचा तरी हात गरम होता, एवढं राहिलं. मग ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

"मॅडम, पाणी देऊ का? बसा जरा."

"गॅरेजवाले," तिनं त्यांची बाही धरली. "मी तुम्हाला माझ्या मुलाबद्दल कधी काही सांगितलं होतं का? नाव, काही?"

"नाही हो, मॅडम." ते अवघडले. "तुम्हाला मुलगा आहे हेच आत्ता कळतंय."

पंखा फिरत होता, आणि दर फेरीला 'हं' म्हणत होता.

७

वाण्याकडे धाडलेलं पोर जसं जिन्नसाचं नाव विसरू नये म्हणून रस्ताभर ओठातल्या ओठात म्हणत जातं, तशी ती घरापर्यंत म्हणत आली. मला एक मुलगा होता. मला एक मुलगा होता. रस्ता ओलांडताना कुणीतरी गाडीतून शिवी हासडली, तरी ती थांबली नाही. थांबलं तर हेही जाईल असं तिला वाटत होतं.

घरात नवरा खिडकीशी बसून सावकाश सफरचंद कापत होता. "लवकर आलीस?" त्यानं एक फोड पुढे केली. लेकीचा फोन येऊन गेला होता बहुतेक, कारण तो तिच्याकडे जपून बघत होता. आता तीच आजारी होती.

ती जिना चढायला लागली.

वरच्या दाराला कुलूप नव्हतं. दार बोटभर उघडं होतं आणि फटीतून उन्हाची एक उभी पट्टी पायऱ्यांवर पडली होती. भीती वाटायला हवी होती. पण भ्यायला आपल्याजवळ काही असावं लागतं, आणि तिच्याजवळ चार शब्द होते.

फटीतून आरसा दिसत होता. आरशात एक आकाशी खांदा, साबणाचा फेस लावलेला अर्धा गाल, वर उचललेली हनुवटी. वस्तरा हनुवटीच्या कडेनं फार काळजीपूर्वक फिरत होता. तिथं एक खूण होती. ताजी, अजून लाल, नुकतीच नीट आखून घेतल्यासारखी. शीळ चालू होती. सूर कुठंही पडत नव्हता, सहज, सुंदर वळण घेऊन वर चढत होता. मग आरशातला डोळा तिच्याकडे वळला आणि तिनं मान खाली घातली.

"कोण?" आतून आवाज आला. शांत, तरुण, अदबशीर.

ती उंबऱ्याशीच उभी राहिली. पायाजवळ एक बुटांचा जोड होता. नाड्यांच्या गाठी उलट्या मारलेल्या होत्या. कुणीतरी डावखुरा असावा, तिच्या मनात आलं.

"तुम्हाला त्रास देतेय," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. मला एक मुलगा होता. त्याचं नाव काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे का?"

शीळ थांबली. वस्तरा वाटीत ठेवल्याचा बारीक आवाज झाला. आतल्यानं तिला जराही ताटकळत ठेवलं नाही. त्यानं नाव सांगितलं, सावकाश, अक्षर न् अक्षर स्पष्ट, आणि तिला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. नाव छान होतं. तिच्या ओळखीत त्या नावाचं कुणी नव्हतं.